टॉवर गेला म्हणून उद्याची वाट बघू नका

रामबाग, सुदामानगर, राजेंद्रनगर, इंदूरच्या कुठल्याही भागातून मोबाइलच्या सुरक्षेबद्दल प्रश्न येतात ते फिरून तेच, वाय-फायला सगळे घाबरतात आणि सिमकडे कोणी बघत नाही.

प्रश्न: स्टेशनच्या फ्री वाय-फायवर बँकेचं ॲप उघडलं तर पैसे जातात का?

तेवढ्यानं नाही, ॲप खरं असेल तर डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही असा जातो. तरी पैशाचं काम मोबाइल डेटावरच करा.

प्रश्न: वाय-फाय कॉलिंग बंद ठेवू?

चालू ठेवा. यात साधा कॉल टॉवरऐवजी वाय-फायवरून जातो, पण फोन थेट मोबाइल कंपनीपर्यंत एन्क्रिप्टेड टनेल लावतो.

प्रश्न: दुकानदार म्हणतो नकली टॉवरपासून वाचायला सिक्युरिटी ॲप घ्या.

घेऊ नका, असं काही विकतात याचाच राग येतो. नकली टॉवर म्हणजे कंपनीच्या टॉवरचं सोंग घेणारं यंत्र. २जीमध्ये टॉवर सिमला तपासतो पण सिम टॉवरला तपासत नाही, तिथेच नकली टॉवर घुसतो, ३जीपासून तपासणी दोन्हीकडून होते. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये २जी बंद करायची सेटिंग फुकट आहे, फक्त तुमच्या भागात ४जीवर कॉल नीट लागतात का ते आधी कंपनीच्या स्टोअरमध्ये विचारा.

प्रश्न: सासूबाईंच्या फोनला सकाळपासून टॉवर नाही, घरच्या वाय-फायवर व्हॉट्सॲप मात्र चालतंय. शेजारचे म्हणतात मेट्रोच्या खोदकामात केबल तुटली असेल. थांबू का?

ताई, अजिबात थांबू नका! वाय-फायवर सगळं चालतंय म्हणूनच सिम मेलंय हे घरात कोणाला कळत नाही. नंबर सिममध्ये नसतो, तो कंपनीच्या रेकॉर्डमध्ये एका सिमला जोडलेला असतो, कोणी त्यांच्या नावानं दुसरं सिम किंवा ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच असलेलं सिम) चालू करून घेतलं की हातातलं बंद पडतं आणि बँकेचे कॉल तिकडे जायला लागतात. फोन रिस्टार्ट करा, त्याच कंपनीचं दुसरं सिम घरात असेल तर त्याला टॉवर आहे का बघा, असेल तर केबलची गोष्ट सोडा आणि दुसऱ्या फोनवरून कस्टमर केअरला एवढंच विचारा की या नंबरचं सिम बदललंय का. हो म्हणाले तर ते नवं सिम तिथल्या तिथे बंद करायला सांगा, लगेच बँकेला कळवून खातं थांबवा, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. सिम बदलल्यावर पहिले २४ तास नव्या सिमवर एसएमएस, म्हणजे त्यावरचे ओटीपीही, बंद ठेवायचा नियम आहे, तेवढाच वेळ हातात असतो आणि लोक तो केबलची वाट बघण्यात घालवतात. नंतर सासूबाईंना आधारसकट स्टोअरमध्ये घेऊन जा.

प्रश्न: ५जी चालू करायला *४०१* लावून एक नंबर डायल करा असा फोन आला, केलं.

तुमचे कॉल त्या नंबरवर वळले असतील. ##००२# डायल करा, मग कस्टमर केअरकडून खात्री करून घ्या आणि बँकेतही विचारा, आजच.