रानडुकरासाठी पहिलं पिस्तूल कोणतं? माझं उत्तर

जिंतूरकडच्या भावानं विचारलंय: रानडुकरं तूर-हरभऱ्यात घुसतात, अमेरिकेतले व्हिडिओ बघितले, तर शिकारीसाठी पहिलं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कोणतं घ्यावं?

भाऊ, कोणतंच नाही. व्हिडिओतले गडी .४४ मॅग्नम (मोठ्या, जोरदार गोळीचं रिव्हॉल्व्हर; आकडा गोळीच्या जाडीचा, इंचात) वापरतात, सहा-आठ इंची नळीचं, बऱ्याचदा वर दुर्बीण बसवलेलं. आपल्याकडं परवान्यावर दिसतं ते बहुतेक .३२, आणि तेही जिवाला धोका आहे हे पटवल्यावर. .४४ च्या गोळीत त्याच्या पाचपट तरी जोर असतो. .३२ लागून डुक्कर जागेवर पडेल हा भरवसा नाही. जखमी नर तुरीत दडून बसतो आणि सकाळी खुरपायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतो.

दुसरं, नेम. पिस्तुलाची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) आणि मागची खाच यांत अंतर जेमतेम १५ सेंमी. माशी एक मिलिमीटर हलली तर तीस मीटरवर गोळी २० सेंमी बाजूला जाते. लांब बंदुकीत डोळ्यापासून माशीपर्यंत ९० सेंमी धरा, तेवढीच चूक तिथं तीन-साडेतीन सेंमीची होते. शिवाय दस्ता खांद्याला टेकलेला असतो. हे मी हिशोबानं सांगतोय, पण अनुभवही आहे. वडलांची बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्याची लांब बंदूक, माझ्याकडं आली, त्यानंतरची गोष्ट. हातात लेखी परवानगी होती, पहाटेची वेळ, डुक्कर वीस पावलांवर. पळत आल्यानं श्वास चढलेला, खांद्याला लावूनही माशी नाचत होती. तेवढ्यात डुकराच्या मागं बॅटरीचा उजेड हलला. शेजारचा सालगडी मोटर चालू करायला निघालेला. मी चापावरनं बोट काढलं. डुक्कर गेलं, जाऊ दे.

आता कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हौसेची शिकार बंद आहे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये, म्हणजे कायद्याच्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर वनविभागाच्या लेखी आदेशानंच मारता येतात, म्हणून आधी वनक्षेत्रपालांकडं अर्ज. पीक खाल्ल्याच्या भरपाईची चौकशीही तिथंच करा. मारलेलं जनावर सरकारचं, मटणाचा विचार डोक्यातनं काढा. अन् काळवीट अनुसूची १ मध्ये, तिकडं नळीसुद्धा वळवू नका.

शस्त्राचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातनं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातनं दारू भरायची) बंदूक, आणि रक्षण किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, असं सरळ लिहिलंय. पिस्तुलाचं तिथं नाव नाही. सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, आणि घरी कुलपाची पेटी. लेकरं असतील तर काडतुसं वेगळ्या कुलपात.

पिस्तुलाचीच हौस असेल तर ती वाईट नाही. रेंजवर जाऊन ४.५ मिमीचं एअर पिस्तूल धरा. दहा मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिमीचं, एका हातानं, उभ्यानं, स्पर्धेत साठ गोळ्या ७५ मिनिटांत. पहिल्या दिवशी माझ्या निम्म्या गोळ्या काळ्या गोलाच्या बाहेर होत्या, आणि समोर जनावर नव्हतं, कागद होता.