फोल्डिंग सायकलने घाट उतरताय?

फोल्डिंग सायकल घेतलीत, छान! डिकीत टाकून निघता येतं. पण वीस इंची चाक आणि डोंगरातली दगडी पायवाट यांचं जमत नाही: मोठं चाक ज्या खड्ड्यावरून सहज जातं, त्यात हे अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे. तेव्हा आधी इंदूरजवळच्या जानापाव डोंगराचा डांबरी उतार, तोही भल्या सकाळी. खंडवा रस्त्यावरचा सिमरोल घाट इतक्यात नको, ट्रक असतात.

निघण्याआधी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. फ्रेमच्या किंवा हँडलच्या बिजागरीत खटखट जाणवली, तर घरी परत. नवे लोक इथेच चुकतात, नुसती कडी लागलेली बघतात.

उतारावर सीट खाली, वजन मागे. ब्रेक सतत धरून ठेवू नका, रिम तापते. वेग वळणाआधीच कमी करा.

हेल्मेटबद्दल वाद नाही. सस्पेंशनचं नंतर बघू.