उभ्या रेघांमधली नावं

या वेळचे प्रश्न खानदेशातून आले आहेत. सगळे कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतल्या सिम्बॉलच्या, म्हणजे नाव असलेल्या वस्तूंच्या, नावांबद्दल.

केळीच्या दराच्या प्रोग्राममध्ये |केळी भाव| असं सिम्बॉल केलं. छापताना दोन्हीकडे उभ्या रेघा येतात. त्या घालवू कशा? (रावेर)

रेघा नावात नाहीतच. नावात मोकळी जागा आहे, म्हणून त्या लागतात. नाहीतर रीडर (लिहिलेलं वाचणारा लिस्पचा भाग) ‘केळी’ आणि ‘भाव’ अशी दोन सिम्बॉल वाचेल. माणसाला दाखवायचं असेल तर ‘प्रिन-सी’ (princ) हे छापायचं फंक्शन वापरा, रेघा जातील. फाईलमध्ये लिहून परत वाचायचं असेल तर मात्र रेघांसकट छापणारं ‘प्रिन-वन’च (prin1) हवं. इथली गफलत लगेच कळत नाही. प्रिन-सीनं लिहिलेली फाईल डोळ्यांना नीटनेटकी दिसते, आणि परत वाचल्यावर ‘भरीत वांगी’चं भरीत वेगळं, वांगी वेगळी निघतात.

इंग्रजी आकड्यांतला गट क्रमांक सिम्बॉल म्हणून ठेवला, त्यालाही रेघा! (धुळे)

रेघा नसतील तर तो साधा अंक म्हणून वाचला जाईल. रोमन लहान अक्षरांचंही तसंच: रीडर एरवी ती मोठी करून घेतो, म्हणून नावात खरंच लहान अक्षरं असतील तर रेघा येतात. देवनागरीत लहान-मोठं नसल्यानं तुमची मराठी नावं यातून सुटतात. गट क्रमांकासाठी मी तरी स्ट्रिंगच (साधा मजकूर) वापरेन.

कापसाच्या नोंदींत ‘पऱ्हाटी’ दोनदा येतं. अक्षर न् अक्षर सारखं, तरी दोन सिम्बॉल एकच आहेत का ते तपासणारं ‘ईक्यू’ (eq) म्हणतं दोन्ही वेगळी. (शहादा)

हा प्रश्न मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकानं वाचावा. ‘ऱ्ह’ टाइप करायच्या दोन रीती रूढ आहेत. एकीत नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त आणि ह. दुसरीत साधा र, हलन्त, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि ह. पडद्यावर फरक शून्य. पण नावाची लांबी मोजा, एक ७ भरेल आणि दुसरं ८. लिस्पच्या लेखी ही दोन नावं आहेत.

युनिकोडच्या एनएफसी रूपात (सुटी चिन्हं जोडून केलेल्या प्रमाण रूपात) आणल्यानं काम होईल असं वाटतं, पण होत नाही. सुटा र आणि सुटा नुक्ता यांचा ऱ त्यानं होतो. जॉइनर मात्र तिथंच राहतो. पण म्हणून जॉइनर सरसकट पुसायला जाऊ नका, नाहीतर रफार चढून ‘पर्हाटी’ होईल. सिम्बॉल करण्याआधी ‘र, हलन्त, जॉइनर’ ही तिकडी सापडेल तिथं ‘ऱ, हलन्त’ घाला. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द तुमच्या नोंदींत पानोपानी असणार, तोही याच रस्त्यानं दुरुस्त होईल. जुन्या फाईलीसुद्धा एकदा या गाळणीतून काढा.

काही सिम्बॉलच्या आधी हॅश आणि कोलन छापतं. ते काय? (जळगाव)

ते सिम्बॉल कुठल्याच पॅकेजमध्ये, म्हणजे लिस्पच्या नावांच्या यादीत, नोंदलेलं नाही. तसंच फाईलमधून परत वाचलंत तर दर वेळी नवं सिम्बॉल तयार होतं, नाव तेच असलं तरी. साठवायच्या नोंदींत असं सिम्बॉल ठेवू नका.