ऊती तोडणारी एन्झाइम्स रोखणारी गोळी घेतली तर काचबिंदू थांबेल का?

नाही. आणि त्या नादात चालू थेंब तर मुळीच बंद करू नका. आमच्या घरात यावरून मोठं भांडण झालंय, म्हणून लिहितोय.

आईला काचबिंदू आहे, तिला रोज रात्री लॅटानोप्रॉस्ट या औषधाचा एक थेंब घालायचा असतो. मामांनी कुठेतरी वाचलं की या थेंबाने डोळ्यात एमएमपी, म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज ही ऊती तोडणारी एन्झाइम्स, वाढतात. वाचलं ते खरंच होतं, पण लावलेला अर्थ भलताच. "ताई, तू आपल्या हाताने डोळा विरघळवते आहेस," म्हणाले, आणि आईने थेंब सोडले. पुढच्या तपासणीत डोळ्यातला दाब १६ वरून २७ वर! कपाटात बघतो तर बाटलीचं सीलही तसंच. तिला काही जाणवलंच नव्हतं. तिच्या प्रकारच्या काचबिंदूत दुखत नाही, कडेची नजर हळूहळू जाते.

मामांना तेव्हा सांगितलं तेच सांगतो. डोळ्यातलं पाणी बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर पडतं. त्या जाळीतली कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन ही प्रथिनं सतत तोडून नवी बांधावी लागतात, आणि तोडायचं काम एमएमपींचं. ते मंदावलं की जाळीत गाळ साचतो, दाब चढतो. स्टेरॉइडचे थेंब मनाने घालणाऱ्यांचा दाब वाढतो, त्यातही या साचण्याचा वाटा असतो. उलट जाळीवर लेसर मारला की एमएमपी-३ वाढतं आणि निचरा सुधारतो. लॅटानोप्रॉस्ट एमएमपी वाढवून पाण्याची दुसरी वाट मोकळी करतं, डोळ्यातल्या सिलिअरी स्नायूच्या तंतूंमधून. म्हणजे मामा ज्याला शत्रू म्हणत होते, तेच आईचा दाब उतरवत होतं.

हां, दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, गोष्ट वेगळी. तिथे एमएमपी-९ वाढलं की मज्जापेशींचा आधार तुटतो आणि त्या मरतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण गोळीला पुढची जाळी कुठली आणि मागचा पडदा कुठला, हे कळत नाही. काचबिंदूवर अशी गोळी मान्यताप्राप्त उपचारांत नाहीच.

मी डॉक्टर नाही. तुमचा काचबिंदू कोणत्या प्रकारचा, ते नेत्रतज्ज्ञच सांगतील. पण घरात कोणी थेंब सोडायला सांगत असेल, तर त्यालाच पुढच्या तपासणीला सोबत न्या. मामांना मी नेलं होतं. थेंब पुन्हा सुरू झाल्यावर दाब १७ आला, तो त्यांनी स्वतः वाचला. त्यानंतर तो विषय त्यांनी काढलेला नाही.