उंडे पुन्हा कधी आणणार?

"शिकवायला आवडतं हो, पण हेडमास्तरांमुळे शाळेत जाववत नाही." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की शिक्षक माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पाऊल टाकतात तेव्हाच मला त्याची चाहूल लागते.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका टीचरची गोष्ट सांगते, ओळख पटेल ते सगळं बदलून. नोकरी बारा वर्षांची, विषय गणित. दीड वर्षापूर्वी नवे हेडमास्तर आले. टाचणाच्या वहीत लाल शेरे, तास चालू असताना व्हरांड्यात फेऱ्या. "बुटांचा आवाज आला की भंय दिसता, मॅडम. हातातलं गणितच विसरते."

पहिल्या दोन भेटी तक्रारीतच गेल्या, जाऊ दिल्या. माझा कल मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचाराकडे. घटनेपेक्षा तिच्याबद्दलची आपली समजूत आपल्याला जास्त छळते, हे मी मानते. पण इथे नुसतं "दृष्टिकोन बदला" म्हणणं अन्यायाचं झालं असतं. शिक्षण-संशोधक केनेथ लीथवुड आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मांडलं होतं, की शाळेच्या हातातल्या गोष्टींत मुलांच्या शिकण्यावर वर्गातल्या शिकवण्याच्या खालोखाल परिणाम करतं ते शाळेचं नेतृत्व. आणि तेही बहुतांशी शिक्षकांमार्फतच.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "सर रजेवर असतात त्या दिवशी कशा शिकवता?"

ती बराच वेळ पर्सची चेन उघडझाप करत राहिली. "तशीच. उत्तरं फळ्यावर लिहून देते."

"आणि आधी?"

मग उंडे निघाले, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव. पाचवीच्या अपूर्णांकांना ती पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे आणायची. मुलं कापून अर्धा, पाव, आठवा भाग करायची, शेवटी खाऊन टाकायची. नव्या सरांनी जमिनीवरचा चुरा पाहिला आणि प्यूनसमोर सुनावलं. उंडे बंद.

मला धागा सापडला तो इथे, आणि खोटं कशाला बोलू, त्याचं मला अजून कौतुक वाटतं. धाकाने माणूस कामचुकार होतो असं आपण धरून चालतो. ही बाई बिनचूक झाली होती! शेरा येणार नाही एवढंच शिकवायचं. समोर कोणी नसलं तरी.

"त्यांना तुम्हीच वर्गात बोलवा," मी म्हटलं. वाक्य आम्ही दोघींनी घोटलं: "सर, गुरुवारी तिसऱ्या तासाला पाच मिनिटं मागे बसाल? छेद आला की चार मुलं अडतात, कुठे ते बघायला तुमची नजर हवी."

अशा शिक्षकांना माझं हेच सांगणं असतं. वाद घालायला जाऊ नका, नेमकी एक मदत मागा. शेरा कळला नाही तर त्याच दिवशी विचारा. चारचौघांत अपमान झाला असेल तर एकांतात, पण स्पष्ट शब्दांत सांगा. आणि हेडमास्तरांनो, तास पाहिलात तर आधी विचारा, "तुम्हाला स्वतःला कसा वाटला?" लाल पेन नंतर काढा.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीनंतर ती आली. सर पाच मिनिटांसाठी आले, तासभर बसले, पाव उंडा खाल्लाही.

"आणि शेरा?"

"आला ना. 'तासानंतर वर्ग झाडून घ्यावा.'" सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.