लेगोची गाडी एचओच्या रुळांवर चालेल का?

प्रश्न: दादा, मुलाकडे लेगोची ट्रेन आहे, आता मामाने एचओचा (मॉडेल रेल्वेचं एक छोटं माप) सेट आणलाय, मग एकाच रुळांवर दोन्ही चालतील ना? आणि वन बीएचकेत जागा किती लागेल? – एक आई, ठाणे

उत्तर: नाही हो ताई, जमायचं नाही. एचओच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर आणि लेगोचं त्याच्या दुपटीहून जास्त, त्यात एचओच्या इंजिनाला करंट रुळांतूनच मिळतो, लेगोच्या हल्लीच्या गाड्या मात्र बॅटरीवर, रूळ नुसते प्लास्टिकचे. (१९९१ला लेगोने ९ व्होल्टचे धातूचे रूळ काढले होते, भारी होते ते, बंद केले!) जागेचं म्हणाल तर लेगोचे १६ वळणाचे तुकडे जोडले की गोल होतो, आरपार साधारण पाऊण मीटर, म्हणजे सेंटर टेबल सरकवलं की झालं. जमिनीवर मांडणार असाल तर आधी झाडू मारा, केस चाकाच्या दांड्याला गुंडाळले जातात आणि गाडी वळणावर कण्हायला लागते, मग चिमट्याने काढत बसा. एचओ मात्र प्लायवूडवरच मांडा, धुळीने रूळ काळे पडले की इंजिन अडखळतं. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, मामालाही न्या सोबत, बिल त्यालाच भरू दे.