पुठ्ठा काढा, आधी जमीन मापा

प्रश्न : आमचं शिवाजी पेठेत जुनं घर आहे. ऑनलाइन किचनची रेडीमेड कपाटं मागवली, पार्ट सुटे येतात आणि आपणच जोडायचे तसली. खालची तीन जोडून झाली पण मधल्याचा एक पाय हवेतच राहतोय, ड्रॉवर आपोआप बाहेर येतो, दारांच्या फटी वर कमी खाली जास्त. यांनी पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातल्यात. वरची दोन भिंतीला लावायचं तर धाडसच होईना. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तो पुठ्ठा आजच काढा. फरशी पुसली की तो पाणी पितो, मग दबतो आणि कपाट परत कलतं. आणि दारांना एवढ्यात हात लावू नका, सगळे पहिल्यांदा हिंजचे स्क्रूच पिळत बसतात आणि तिथंच काम बिघडतं.

आधी एकेक कपाटाचा बॉक्स गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघा. समोरून टेपनं दोन्ही कर्ण मापा, सारखे आले पाहिजेत. नसतील तर मागचा पातळ बोर्ड सैल करून बॉक्स सरळ करा आणि परत घट्ट करा. पाइपला आड येतो म्हणून बरेच जण तो बोर्ड काढूनच टाकतात, तसं करू नका, बॉक्सला काटकोनात तोच धरून ठेवतो.

आता जमीन. जुन्या स्वयंपाकघरात फरशीला मोरीकडं उतार दिलेलाच असतो, तो असायलाच पाहिजे, पण कपाटाला तो चालत नाही. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब आणा, आत बुडबुडा राहू देऊ नका, आणि भिंतीवर एक आडवी रेघ मारून घ्या. रेघेपासून फरशीपर्यंत जागोजागी मापा, जिथं माप सगळ्यात कमी तिथं जमीन सगळ्यात उंच. तिथल्या कपाटाचे पाय जवळजवळ पूर्ण आत फिरवायचे आणि बाकीची त्याच्या उंचीला वर उचलायची. पायाचा आटा संपला तर खाली टाइलचा किंवा कडप्प्याचा तुकडा पक्का चिकटवा. लेव्हल आडवीही बघा आणि मागून पुढंही बघा, तुमचा ड्रॉवर बाहेर येतोय म्हणजे कपाट पुढं झुकलंय, पुढचे पाय थोडे उचला.

मग शेजारशेजारची कपाटं क्लॅम्पनं आवळून पुढच्या कडा एका रेषेत घ्या आणि आतून स्क्रूनं जोडा. दोन्ही बोर्ड १८ मिमीचे असतील तर ३० मिमीचा स्क्रू घ्या, त्याहून लांब घेतलात तर पलीकडून टोक बाहेर यायची भीती. भिंतीला आवळताना मधे फट दिसली तर आधी तिथं प्लास्टिकची पाचर सरकवा, नाहीतर स्क्रू ओढतो आणि लेव्हल केलेलं सगळं पिळवटतं.

वरच्या कपाटांचं भय वाटतंय ते बरोबरच आहे. भिंतीला एक बारीक भोक मारा आणि खाली काय पडतं ते बघा. लाल भुकटी आली तर वीट, तिथं गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात तो प्लग) चांगली धरते. काळपट माती सांडली तर तो मातीचा सांधा, त्यात कितीही लांब गिट्टी ठोका, भरलेल्या डब्यांचं वजन पेलणार नाही, भोक सरकवून दगडात किंवा विटेत घ्या. (नव्या फ्लॅटात पांढरी हलकी पूड येते, तो विटेऐवजी वापरतात तो हलका सिमेंटचा ब्लॉक असतो, त्याला वेगळी गिट्टी लागते आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा.) तुमच्याकडं मातीच जास्त निघाली तर भिंतीवर पूर्ण रुंदीची जाड सागवानी पट्टी वीट किंवा दगड लागेल अशा पाच-सहा ठिकाणी घट्ट बसवा आणि कपाटं तिच्यावर टांगा. पट्टीही हलत असेल तर वरची कपाटं भिंतीला लावूच नका, उंच उभं कपाट जमिनीवर ठेवा आणि ते पुढं पडू नये इतकंच भिंतीला बांधा. स्वयंपाक करताना माणूस त्याच्याच खाली उभा असतो, इथं अंदाजानं काही करू नये.

सिंकसाठी बोर्ड कापला असेल तर कापलेल्या कडेला सिलिकॉन भरा, पार्टिकल बोर्ड तिथूनच फुगतो.

दारं सगळ्यात शेवटी. बॉक्स लेव्हलला आले की निम्म्या फटी आपोआप सरळ होतात, उरलेल्यांना हिंजचा बाजूचा स्क्रू अर्धा फेरा फिरवा, दार बंद करून बघा, मग पुढचा अर्धा.